रनफ्लॅट काढून साधे हाय-परफॉर्मन्स टायर: २४५/४० आणि २७५/३५ आर १९ साठी काय निवडावं?

रबरी_शंका

मंडळी, टायर बदलायची वेळ आली आहे आणि जितकं वाचतोय तितका गोंधळ वाढतोय. आधी आकडे देतो.

गाडी मागच्या चाकांना ताकद देणारी लक्झरी सेडान. कमाल वेग २५० वर बांधलेला. पुढे २४५/४० आर १९ ९८ वाय, मागे २७५/३५ आर १९ १०० वाय (रुंदी मिमीत, साइडवॉलची म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत, मग भाराचा आकडा म्हणजे लोड इंडेक्स आणि वेगाचं अक्षर), चारही एक्सएल (जास्त भाराचे) आणि रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे), साइडवॉलवर गाडीच्या कंपनीची खूण. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर ॲक्सलची कमाल मर्यादा पुढे ११५० किलो, मागे १३४० किलो. पुढच्या टायरांत ५ मिमी नक्षी शिल्लक. मागच्यांत मध्ये साडेचार, पण आतल्या कडेला जेमतेम २.

वापर मुख्यतः हायवे, पाऊस भरपूर, थंडी बेताची. ट्रॅकवर गाडी जात नाही. पकड हवी, पण केबिनमध्ये घरघर नको.

प्रश्न असे: रनफ्लॅट सोडावेत का? कंपनीची खूण असलेलाच टायर लागतो का? फक्त मागचे दोन बदलले तर चालेल का? दुकानदार पुढे ९४ आणि मागे ९६ लोड इंडेक्सचे टायर सुचवतोय, ते घ्यावेत का? आणि २० इंची रिम बसवायचा मोह होतोय, त्याचं काय?

यादीत सध्या मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ एस, काँटिनेंटल स्पोर्टकाँटॅक्ट ७ आणि गुडइयर ईगल एफ१ ॲसिमेट्रिक ६ आहेत.

---

बार_आणि_पीएसआय

ब्रँड सर्वांत शेवटी बघा. आधी लोड इंडेक्सचं गणित उरकू, कारण दुकानात तिथेच सगळ्यात जास्त थापा मारल्या जातात.

९४ म्हणजे एका टायरला ६७० किलो, ९६ म्हणजे ७१०, ९८ म्हणजे ७५० आणि १०० म्हणजे ८००. तुमच्या मागच्या ॲक्सलचे १३४० किलो दोन चाकांत वाटले की प्रत्येकी ६७०. म्हणजे ९६ चा टायरही कागदावर पास होतो. दुकानदार खोटं बोलत नाहीये, अर्धं बोलतोय.

राहिलेलं अर्धं असं. हे किलो ठरावीक दाबाला मोजलेले असतात. साध्या टायरला, म्हणजे ज्यावर एक्सएल लिहिलेलं नाही त्याला, २.५ बार (३६ पीएसआय). एक्सएलला २.९ बार (४२ पीएसआय). हवा कमी तशी क्षमता कमी. ढोबळ सूत्र: दोन दाबांचं गुणोत्तर काढा, त्याचा ०.८ वा घात घ्या आणि कमाल भाराला गुणा. तुमचा १०० एक्सएल २.४ बारला साधारण ६८८ किलो पेलतो. ९६ चा साधा टायर त्याच २.४ बारला पेलतो ६८७. एकाच दाबाला दोघे सारखेच! एक्सएलची जास्तीची ताकद जास्तीची हवा भरल्यावरच मिळते. मुळात एक्सएल म्हणजे जास्त दाब सोसायला बांधलेला टायर.

आता सगळ्या गाड्यांत ३२ पीएसआय भरून देणारा पंपवाला आठवा. ३२ पीएसआय म्हणजे २.२ बार. तेवढ्या हवेत तुमचा १०० एक्सएल ६४० किलोपर्यंत येतो, आणि मागे माणसं नि सामान भरलं तर त्याच्यावर ६७० चढतात. साइडवॉल प्रत्येक फेरीत जास्त वाकते, आतून तापते, खांदे झिजतात. लेबल महागडं असून उपयोग नाही.

मग ९४/९६ का नको? पूर्ण भारासाठी पट्टीवर जर २.५ च्या वरचा दाब दिला असेल, तर साध्या टायरमध्ये तेवढी हवा भरूनही भारक्षमता २.५ च्या पुढे वाढत नाही. एक्सएलमध्ये वाढते. शिवाय पुस्तिकेत ९८/१०० लिहिलं असताना खालचा आकडा बसवला की अपघातानंतर विमा कंपनीच्या हातात आयतं कोलीत. एक्सएलच घ्या.

वेगाच्या अक्षरातही अशीच मेख आहे. व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. पण डब्ल्यू टायर पूर्ण भार २४० पर्यंतच घेतो, तिथून प्रत्येक १० किमीला ५ टक्के उतरत २७० ला ८५ टक्क्यांवर येतो. वाय पूर्ण भार २७० पर्यंत घेतो. गाडी २५० ला बांधलेली असताना कंपनीने वाय दिलाय तो एवढ्यासाठी, रुबाबासाठी नाही.

आणि २० इंच. बाहेरचा व्यास जुळेल असे माप म्हणजे २४५/३५ आर २० आणि २७५/३० आर २०. ही मापं एक्सएलमध्येही साधारण ९५ आणि ९७ ला मिळतात, म्हणजे ६९० आणि ७३० किलो. हवेचं आकारमानच कमी झालं ना. मागे ६७० किलो पेलायला तिथे किमान २.६ बार (३८ पीएसआय) लागेल, त्यावर वेगाची भर वेगळी. मागच्या साइडवॉलची उंची ९६ मिमीवरून साडेब्याऐंशीवर येईल. खड्ड्यात रिमची कड आणि रस्ता यांच्यामध्ये जे काही असतं ते एवढंच.

---

फिरकी

उलट १८ वर या. २४५/४५ आर १८ आणि २७५/४० आर १८. व्यास तोच, रबर जास्त, कंबर सुखी. फोटोत मात्र गाडी काकांची दिसेल.

---

बार_आणि_पीएसआय

@फिरकी, चेष्टेत बोललात पण सल्ला सोन्यासारखा आहे. २४५/४५ आर १८ चा व्यास ६७८ मिमी, रबरी_शंकांच्या २४५/४० आर १९ चा ६७९. स्पीडोमीटरला फरक कळणारही नाही. साइडवॉल ९८ वरून ११० मिमी होते. अट एकच: पुढचा ब्रेक कॅलिपर १८ च्या रिममध्ये मावला पाहिजे. मोठ्या डिस्कचं पॅकेज असेल तर मावत नाही. रिमचा ऑफसेट (बोल्ट बसतात तो पृष्ठभाग रिमच्या मध्यापासून किती सरकलेला आहे) आणि मधल्या भोकाचा व्यासही जुळायला हवा. अंदाजाने रिम घेऊ नका.

---

ओला_रस्ता

रनफ्लॅट आणि खुणांबद्दल लिहितो.

रनफ्लॅटच्या साइडवॉलमध्ये जाड, कडक रबराची पट्टी असते. हवा शून्य झाली तरी रिम जमिनीला टेकत नाही. मोजणीचा दंडक ताशी ८० च्या आत ८० किलोमीटर. किंमत मोजता ती वजनात, छोट्या धक्क्यांत आणि जोडांवरून जाताना येणाऱ्या धपधप आवाजात. लोकांचा एक गैरसमज असतो: रनफ्लॅट म्हणजे खड्ड्यात न फुटणारा टायर. तसं नाही. कडक साइडवॉल धक्का गिळत नाही, तो रिमला देते, त्यामुळे रिमला तडे जाण्याचा धोका उलट वाढतो.

शून्य हवेवर चाललेला रनफ्लॅट बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतली पट्टी जळून तिची भुकटी झालेली असू शकते. आत काळा चुरा दिसला की टायर भंगारात. पंक्चर काढून पुन्हा वापरू नका.

साध्या टायरवर यायचं ठरवलंत तर हे लक्षात घ्या:

चारही एकदम. पुढे रनफ्लॅट आणि मागे साधे असं केलं तर दोन ॲक्सलचा आडवा कडकपणा वेगवेगळा होतो आणि ओल्या वळणावर गाडी एकसारखं उत्तर देत नाही. म्हणजे तुमच्या 'फक्त मागचे दोन' या प्रश्नाचं उत्तर रनफ्लॅटच्या निर्णयावर टांगलेलं आहे. रनफ्लॅटच ठेवणार असाल तर मागचे दोन तेच मॉडेल, तीच खूण घेऊन बदला. पुढच्या ५ मिमीत अजून जीव आहे. सोडणार असाल तर चार.

रिम बदलावी लागत नाही. रनफ्लॅटच्या रिमला आतून बीड (टायरची रिममध्ये बसणारी कड) अडवणारा उंचवटा जास्त असतो, त्यावर साधा टायर व्यवस्थित बसतो. फक्त काढताना-घालताना मशीनला मदतीचा हात हवा, नाही तर बीड फाटतो.

डिकीत स्टेपनीची जागा बहुधा नसेल. सीलंटची बाटली आणि १२ व्होल्टचा कंप्रेसर ठेवा. सीलंट साधारण ६ मिमीपर्यंतचं, तेही नक्षीच्या भागातलं भोक बुजवतो. साइडवॉल कापली गेली तर काही उपयोग नाही, गाडी ओढून न्यावी लागणार. बाटलीवरची मुदत पाहत जा. रात्री-अपरात्री सुनसान रस्त्यावर एकट्याने गाडी न्यावी लागणारं कुणी घरात असेल, तर मी रनफ्लॅटच ठेवा म्हणेन. त्याला आरामाची किंमत द्यावी लागते, पण ती रास्त आहे.

खुणा: तारा बीएमडब्ल्यूचा, एमओ मर्सिडीजची, एओ ऑडीची, एन० एन१ वगैरे पोर्शची. एमओई असेल तर मर्सिडीजसाठीचा रनफ्लॅट. खूण असलेला आणि नसलेला टायर नावाने एकच असला तरी आतून एक नसतो. रबराचं मिश्रण, पट्ट्यांची रचना, कधी नक्षीची खोलीही त्या गाडीसाठी बदललेली असते. वॉरंटी संपलेल्या मागच्या-चाकी सेडानला बिनखुणेचा टायर चालतो. पण एका ॲक्सलवर एक खुणेचा आणि एक बिनखुणेचा असं कधीच नको. (गाडी चारही चाकांना ताकद देणारी असती तर मी खुणेवर अडून बसलो असतो. तिथे पुढच्या-मागच्या घेरातला थोडासा फरकही ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) सतत सोसत राहते. नक्षीत ४ मिमीचा फरक म्हणजे व्यासात ८ मिमी, सव्वा टक्क्याच्या आसपास.)

आता तुमची यादी. तिन्ही उन्हाळी रबराचे, तिन्ही चांगले. पण पायलट स्पोर्ट ४ एस आणि स्पोर्टकाँटॅक्ट ७ यांचा कल वळणावरच्या नेमकेपणाकडे आहे. ईगल एफ१ ॲसिमेट्रिक ६ त्या मानाने मवाळ. तुमचा वापर बघता मी काँटिनेंटल प्रीमियमकाँटॅक्ट ७ सुद्धा यादीत घेईन. तो थेट स्पोर्ट टायर नाही, पण 'पकड हवी, घरघर नको' हे वाक्य त्याच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. आधी तुमच्या मापात, भारात, एक्सएलमध्ये काय काय मिळतं ते बघा. पुढचं मिळतं आणि मागचं मिळत नाही, ही या मापांची नेहमीची रड.

युरोपीय लेबल वाचताना दोन गोष्टी. ओल्या रस्त्यावरची श्रेणी प्रत्येक मापाला वेगळी असते. पुढच्याला ए आणि मागच्याला बी असं होऊ शकतं. आणि डेसिबलचा आकडा बाहेरच्या आवाजाचा आहे, रस्त्याकडेला उभ्या माणसाच्या कानाचा. केबिनमधली घुमघुम त्यात नाही. तिच्यासाठी आत फोम चिकटवलेले टायर येतात. काँटिनेंटल त्याला काँटिसायलेंट म्हणते, मिशेलिन अकूस्टिक. गुळगुळीत डांबरी रस्त्यावर विशेष फरक नाही, खरखरीत काँक्रीटवर कळतो. पंक्चर काढताना तेवढा फोम खरवडावा लागतो, हे दुकानदाराला आधीच सांगा.

---

मागची_चाकं

सगळे टायरवर बोलतायत, पण मूळ दुखणं तसंच राहिलंय. मध्ये साडेचार आणि आतल्या कडेला दोन. नवे टायर त्याच गाडीला लावले तर तेही तसेच जातील.

लोक कॅम्बरला (चाकाचा उभा कल) दोष देतात. या वर्गाच्या गाड्यांना मागे उणे दीड ते दोन अंश कॅम्बर कंपनीच देते, आणि तेवढ्याने टायर असा खाल्ला जात नाही. खातो तो टो, म्हणजे वरून पाहिलं तर चाकाचा आत-बाहेर वळलेला कोन. तुमच्या ६७५ मिमी व्यासाच्या चाकाला ०.१ अंश टो म्हणजे चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेत सव्वा मिमीपेक्षाही कमी फरक. डोळ्याला दिसणार नाही. पण तेवढ्यानेही टायर दर किलोमीटरला पावणेदोन मीटर आडवा घासला जातो. कॅम्बरमुळे भार आतल्या कडेवर असतोच, टो तीच कड किसतो. दोघांची जोडी वाईट.

अलाइनमेंटच्या आधी गाडी वर घेऊन मागच्या खालच्या आर्मचे बुश (सांध्यातलं रबर) आणि टो-लिंकचे (टो धरून ठेवणारा दांडा) सांधे पहार लावून हलवून बघायला सांगा. बुश फाटलेला असेल तर स्टँडवर आकडे हिरवे दिसतात आणि रस्त्यावर ब्रेक लावला की टो सरकतो. हे न बघता केलेली अलाइनमेंट म्हणजे नुसता कागद. एअर सस्पेन्शन असेल तर आधी उंची मोजा. गाडी १० मिमी खाली बसलेली असली तरी कॅम्बर आणि टो दोन्ही हलतात. काही गाड्यांना मोजणीच्या वेळी सीटवर ठरावीक वजन आणि टाकी भरलेली लागते. आधीचा-नंतरचा प्रिंट मागून घ्या आणि मागचा टो डावीकडे-उजवीकडे सारखा आहे ना ते बघा, नुसती बेरीज नको. बेरीज बरोबर पण वाटणी चूक असेल तर गाडी तिरकी धावते आणि स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं.

रोटेशनचा मुद्दा: पुढे-मागे मापं वेगळी असल्याने पुढचे मागे जाणार नाहीत. डावे-उजवे करता येतील, पण टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तरच. असममित नक्षीच्या (आतली-बाहेरची बाजू वेगळी) टायरवर 'बाहेरची बाजू' लिहिलेली असते, बाण नसतो. बाण असेल तर रिमवरून उतरवून फिरवावा लागतो.

---

रबरी_शंका

खूप आभार सगळ्यांचे. रनफ्लॅट सोडतो, चारही एकत्र, ९८ आणि १०० एक्सएल, १९ इंचच. टो-लिंक आधी तपासून घेतो. आता बसवताना समोर उभं राहून नेमकं काय बघू? नायट्रोजन भरून घ्यावा का?

---

नटबोल्ट

उभे राहाच. क्रमाने सांगतो.

टायर रिमवर चढायच्या आधी तारीख बघा. साइडवॉलवर लंबगोलात चार आकडे: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ३४२४ म्हणजे २०२४ चा ३४ वा आठवडा. एका ॲक्सलच्या दोघांत फार अंतर नको. आकडे फक्त एकाच बाजूला छापलेले असतात, बसवल्यावर ते आत गेले की दिसत नाहीत.

रिमच्या आतून प्रेशर सेन्सर असतो. बीड काढणारा दांडा सेन्सरच्या जागी घातला की सेन्सर गेला. व्हॉल्व्हची रबरी सील, नट आणि गाभा नवीन घालायला लावा, हे छोटं किट असतं. सेन्सरची बॅटरी सहसा बदलता येत नाही. सेन्सर सात-आठ वर्षांचे झाले असतील तर टायर उघडलेलाच आहे तर तेही बदला.

साइडवॉलवर पिवळा ठिपका दिसला तर ती टायरची हलकी बाजू, ती व्हॉल्व्हजवळ यावी. लाल ठिपका असेल तर तो टायरच्या सर्वांत कडक-उंच जागेचा; रिमवर खालच्या जागेची खूण असेल तर तिच्याशी जुळवतात. दोन्ही असतील तर लालला मान.

बीड बसताना दोनदा 'फट' आवाज येतो. ४० पीएसआयपर्यंत बसला नाही तर हवा सोडून, पुन्हा वंगण लावून, टायर थोडा फिरवून प्रयत्न करायचा. हवा चढवत राहणं धोक्याचं. नंतर रिमच्या कडेलगतची बारीक रेघ सगळीकडून सारख्या अंतरावर आहे ना ते बघा. एके ठिकाणी आत बुडाली असेल तर बॅलन्सिंग कितीही करा, चाक उड्या मारणार.

बॅलन्सिंगला वजनं आतल्या बाजूने चिकटवायची. एका चाकाला ८०-१०० ग्रॅम लागायला लागले की थांबवा आणि टायर रिमवर १८० अंश फिरवून पुन्हा मोजायला सांगा. जमलं तर रोड-फोर्स मशीनवर करून घ्या. रोलर दाबून मोजणारं मशीन कडकपणातली असमानता पकडतं, जी साध्या मशीनला दिसत नाही.

हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ. बोल्ट हाताने लावून, मग ताऱ्याच्या क्रमाने टॉर्क रेंचने. आकडा पुस्तिकेतला, या गाड्यांना बहुधा १२० ते १६० न्यूटन-मीटरच्या दरम्यान. हवेच्या गनने शेवटचं आवळू देऊ नका. ५० ते १०० किमीनंतर पुन्हा एकदा टॉर्क.

नायट्रोजन: साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. फुकट मिळाला तर घ्या. त्याच्या नावाखाली हवा तपासणं सोडू नका. तापमान १० अंशांनी बदललं की दाब साधारण दीड पीएसआयने हलतो, नायट्रोजन असो वा हवा. मोजायचं ते गाडी किमान तीन तास उभी असताना. आकडा पट्टीवरचा. साइडवॉलवर छापलेला कमाल दाब हा भरायचा आकडा नव्हे. पट्टीवर रनफ्लॅट आणि साध्यासाठी वेगळे आकडे असतील तर तेही नीट बघा. मग सिस्टिममध्ये दाब रीसेट करा. काही गाड्यांत टायरचा प्रकारही निवडावा लागतो.

पहिल्या दिवशी करकचून ब्रेक किंवा जोरदार पिकअप नको. बीडवरचं वंगण ओलं असतं, टायर रिमवर सरकतो आणि बॅलन्स बिघडतो. व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूची रेघ मारून ठेवा, सरकला तर लगेच कळेल. पहिले २००-३०० किमी पावसात जपून, वरचा गुळगुळीत थर निघेपर्यंत पूर्ण पकड येत नाही.

---

रबरी_शंका

शेवटचा प्रश्न. नवीन टायरवर गाडी एका बाजूला ओढू लागली किंवा थरथरली तर दोष कुणाचा हे कसं ओळखायचं?

---

नटबोल्ट

ताशी ९० ते १२० च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरलं तर पुढचं चाक. सीट आणि पाठ थरथरली तर मागचं. वेग वाढवला की कमी होत असेल तर बहुधा बॅलन्स. ब्रेक लावल्यावरच येत असेल तर डिस्क बघा, टायर नव्हे. आणि गाडी दोन-तीन आठवडे उभी असेल तर रुंद टायर तळाला सपाट पडतात, १५-२० किमी चालवून तापू द्या, मगच निकाल द्या.

ओढ असेल तर आधी टायर थंड असताना चारही दाब मोजा. मग पुढची दोन चाकं आपसात बदला, असममित नक्षीत चालतं. ओढीची बाजू बदलली तर दोष टायरचा, दुकानातून बदलून घ्या. बाजू तीच राहिली तर अलाइनमेंटचा प्रिंट काढा आणि पुढच्या कॅस्टरचे (चाक ज्यावर वळतं त्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) डावे-उजवे आकडे शेजारी ठेवून बघा.